हजेरीपुस्तकातला मार्च

सरांच्या मुलीचा फोन आला तेव्हा शुक्रवारची सकाळ होती आणि बाहेर बर्फ भुरभुरत होता. "बाबा पहाटे गेले," ती म्हणाली. थोडा वेळ दोघीही काही बोललो नाही. मग तिनंच विचारलं, "पेपरात द्यायचा मजकूर लिहायचाय. तू छापखान्यात मुद्रितं तपासायचीस ना? माझ्याबरोबर बसशील?"

मी हो म्हटलं. तेव्हा वाटलं होतं, एका संध्याकाळचं काम असेल. ते मे महिन्यापर्यंत चाललं.

सर म्हणजे एपिस्कोपल चर्चचे धर्मगुरू आणि शाळेतले शिक्षक. दोन्हीतून निवृत्त. एपिस्कोपल चर्च ही मुळात चर्च ऑफ इंग्लंडची अमेरिकेतली मंडळी. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणं शक्य राहिलं नाही, तेव्हा ती वेगळी झाली. आपल्याकडे याच घराण्यातले अँग्लिकन लोक १९७० साली नागपुरात इतर काही पंथांबरोबर एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बिशप, वेदी, ठरलेली प्रार्थना असं सगळं असतं, पण धर्मगुरूला संसार करता येतो, आणि १९७६ च्या महासभेनं मान्यता दिल्यापासून स्त्रियाही धर्मगुरू होतात. सर आठवडाभर शाळेत लॅटिन आणि इंग्रजी शिकवायचे आणि रविवारी एका लहानशा चर्चची उपासना चालवायचे. त्या चर्चला पूर्ण पगाराचा माणूस परवडत नव्हता.

आम्ही पोकीप्सीला राहतो. न्यूयॉर्क शहरातून हडसन नदीच्या काठाकाठानं जी लोकल वर येते, तिचं हे शेवटचं स्टेशन. १९९८ साली नवऱ्याच्या संगणक कंपनीतल्या नोकरीमुळे इथे आलो. माझ्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या छापखान्यात नऊ वर्षं मुद्रितं तपासलेली मी, इथे दिवसभर घरात. सार्वजनिक वाचनालयात बुधवारी संध्याकाळी परदेशी लोकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरायचा, तो सर विनामूल्य घ्यायचे. ते म्हणाले, मला नावानं हाक मारा. ते मला जमलं नाही. 'फादर' म्हणायलाही जीभ वळेना, कारण तेव्हा माझे वडील साताऱ्यात हयात होते आणि तो शब्द मला त्यांचाच वाटायचा. म्हणून 'सर'. पंचवीस वर्षं सरच.

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी त्यांनी माझी भाषा कोणती ते विचारलं. मराठी म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "शनिवारी मोकळ्या आहात का?" शनिवारी ते आणि त्यांच्या पत्नी गाडी घेऊन आले आणि मला नि माझ्या नवऱ्याला पोकीप्सी रूरल सिमेटरीत घेऊन गेले. उतारावर, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, एक दगड होता. त्यावर आनंदीबाई जोशींचं नाव.

आनंदीबाई पुण्यात गेल्या हे मला शाळेपासून ठाऊक होतं. २६ फेब्रुवारी १८८७, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. फिलाडेल्फियाला डॉक्टर होऊन परत आल्यावर काही महिन्यांतच. पण गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवल्या, आणि ज्यांना आनंदीबाई मावशी म्हणायच्या त्या बाईंनी त्या आपल्या घरच्या माणसांत पुरल्या, हे मला माहीत नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरापासून गाडीनं जेमतेम पंधरा मिनिटांवर. सरांनी माझ्याकडून ते नाव चार वेळा म्हणवून घेतलं. 'आ' लांब, 'नं' नाकातून, 'दी' जिभेचं टोक दातांना लावून. खिशातल्या वहीत कसल्याशा खुणा केल्या. पुढच्या बुधवारी वर्गात त्यांनी ते नाव उच्चारलं तेव्हा ते बरोबर होतं. पंडिता रमाबाई त्या पदवीदान समारंभाला हजर होत्या हेही त्यांना ठाऊक होतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झाला, आणि तिथल्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणाचा आहे, हे मला सरांनी सांगितलं.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. सरकारी कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. न्यूयॉर्क राज्यात अंत्यविधीला परवानाधारक फ्यूनरल डायरेक्टर लागतोच. त्यानं मृत्यूच्या दाखल्याचे कागद भरले, किती प्रमाणित प्रती हव्यात विचारलं (मुलीनं दहा मागितल्या, बँका आणि पेन्शनसाठी त्या लागल्याही), दहनाची तारीख दिली. मजकूर सोमवारपर्यंत हवा म्हणाला. पेपर ओळीमागे पैसे घेतो.

मुलीनं पहिला खर्डा करून ठेवला होता. जन्म १२ मार्च १९३७. शिक्षण. विवाह. धर्मगुरूपदाची दीक्षा. ३८ वर्षं अध्यापन. आणि मधोमध एक ओळ: १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चात चालले.

माझी पेन्सिल तिथे थांबली.

हे थोडं सविस्तर सांगायला हवं. ७ मार्च १९६५, रविवार. अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर, मतदानाचा हक्क मागत निघालेल्या कृष्णवर्णीय लोकांना पोलिसांनी लाठ्यांनी आणि अश्रुधुरानं झोडपलं. किंग यांनी देशभरच्या धर्मगुरूंना तारा केल्या, या, आमच्याबरोबर चाला. शेकडो जण गेले. त्यांत जोनाथन डॅनियल्स होता, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या एपिस्कोपल धर्मविद्यालयाचा विद्यार्थी. मोर्चा झाल्यावर बाकीचे परतले, हा तिथेच कामाला राहिला. ऑगस्टमध्ये त्याला इतरांबरोबर अटक झाली. २० तारखेला हेनव्हिलच्या तुरुंगातून सुटल्यावर चौघं जण थंड पेय घ्यायला दुकानाकडे गेले, तेव्हा दारातल्या माणसानं सतरा वर्षांच्या रूबी सेल्स या कृष्णवर्णीय मुलीवर बंदूक रोखली. डॅनियल्सनं तिला बाजूला ढकललं. गोळी त्याला लागली. तो २६ वर्षांचा होता. मारणाऱ्याला ज्यूरीनं निर्दोष सोडलं. ज्यूरीत सगळे गोरे होते. एपिस्कोपल पंचांगात १४ ऑगस्टला, त्याच्या अटकेच्या तारखेला, डॅनियल्सचं स्मरण करतात.

सरांनी हे आम्हाला १९९९ च्या ऑगस्टमध्ये वाचनालयातल्या वर्गात सांगितलं होतं. मेक्सिकोचा एक माळी, दोन कोरियन बहिणी, एक पोलिश आजोबा आणि मी. आणि मला आठवत होतं की सर म्हणाले होते, मी गेलो नाही.

मी मुलीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "मी लहानपणापासून ऐकतेय की ते गेले होते."

"कुणाकडून?"

तिनं आठवून पाहिलं. "शाळेतल्या मुलांकडून असेल. सगळेच म्हणायचे." मग जरा कठोरपणे म्हणाली, "तेव्हा तुझं इंग्रजी कच्चं होतं."

ते खरं होतं, म्हणूनच लागलं. घरी येऊन मी माळ्यावरची पेटी काढली. बुधवारच्या वह्या मी टाकल्या नव्हत्या. ऑगस्ट १९९९ च्या पानावर तीन इंग्रजी शब्द अर्थासह, आणि खाली माझ्या अक्षरात मराठीतून: 'सर गेले नाहीत. मित्राच्या गाडीत एक जागा होती. पेपर तपासायचेत म्हणाले. खरं म्हणजे भ्यालो, म्हणाले.'

पण वही म्हणजे माझं ऐकणं झालं. मुद्रितशोधकाला मूळ प्रत लागते. शनिवारी आम्ही दोघी त्यांच्या तळघरात बसलो. खोक्यांवर साल लिहिलेलं होतं, ही त्यांची सवय. १९६४-६५ च्या खोक्यात हिरव्या कापडी बांधणीचं हजेरीपुस्तक निघालं. मार्चचं पान मी उजेडात धरलं. ८ तारखेच्या सोमवारपासून २६ तारखेच्या शुक्रवारपर्यंत शाळेच्या प्रत्येक दिवशी त्यांच्या बारीक, तिरक्या हातानं खुणा केलेल्या. मोर्चा २१ ला निघून २५ ला पोचला. २३ तारखेला एका मुलाच्या नावापुढे 'गोवर' असं लिहिलंय. २५ तारखेला सगळे हजर.

मुलगी ते पुस्तक मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, "ती ओळ काढून टाकू."

मला ते पुरेसं वाटत नव्हतं. ओळ काढली तर जुने विद्यार्थी ती मनातल्या मनात वाचणारच. सगळ्यांना 'माहीत' होतंच. आणि सर दर वर्षी ज्या गोष्टीपाशी थांबून मुलांच्या डोळ्यांत बघायचे, तीच मजकुरातून गळणार. पण मी काही त्यांच्या घरची नव्हते. बोलावं की नाही हे मला कळेना. शेवटी एवढंच म्हटलं, की ते स्वतः हे कधी लपवत नव्हते. ती काही बोलली नाही. मी हजेरीपुस्तक खोक्यात ठेवलं आणि घरी आले.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. चर्चला निघण्याआधी ओळ लिहून पाहिली होती. आम्ही दोघींनी फोनवरच ती चारदा बदलली. छापलं ते असं: '१९६५ च्या मार्चमध्ये ते सेल्माला गेले नाहीत. पुढे ३६ वर्षं त्यांनी आपल्या प्रत्येक वर्गाला हे स्वतः सांगितलं आणि जोनाथन डॅनियल्स कोण होता ते शिकवलं.' दोन वाक्यांना जागा करायला तिनं एक पुरस्कार आणि तीन समित्यांची नावं उडवली.

अंत्यविधीची उपासना १८ मार्चला ठरली. तिच्याबाबत आम्हाला काहीच ठरवावं लागलं नाही. त्यांच्या प्रार्थनापुस्तकात अशी एक सूचना आहे की धर्मगुरूनं लोकांना वेळोवेळी सांगावं, प्रकृती चांगली असतानाच मृत्युपत्र करून ठेवा. सर हे मंडळीला सांगत आले होते, त्यामुळे स्वतःचाही कागद त्यांनी चर्चच्या कपाटात ठेवला होता. तिथल्या आताच्या धर्मगुरू बाईंनी, सगळे त्यांना मदर म्हणतात, तो आमच्यासमोर उघडला. प्रार्थनापुस्तकात या विधीची दोन रूपं आहेत, एक जुन्या इंग्रजीतलं, एक आजच्या. सरांनी दुसऱ्यावर खूण केली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'पहिलं जास्त सुंदर आहे, पण मुलांना कळायला हवं.' गौरवपर भाषणं नकोत. प्रवचनात माझ्याबद्दल दोन वाक्यांहून जास्त नको. पहिलं वाचन बायबलमधलं विलापगीत, अध्याय ३. वाचणारी म्हणून माझं नाव. त्याखाली: 'घाई करू नये.'

मला रडू आलं ते तिथे. इंग्रजी मोठ्यानं वाचायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मी परीक्षेला बसल्यासारखी धडाधडा वाचायची. ते टेबलावर बोटानं हलकेच ठोका द्यायचे, पूर्णविरामाला दोन, स्वल्पविरामाला एक.

पंधरा दिवस मी तो उतारा वाचत होते. अर्थ आतून लागावा म्हणून अहमदनगरच्या माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीकडून मराठी पाठ मागवला. तिनं तो फोनवर वाचूनच पाठवला. सगळा ग्रंथ दुःखाचा, आणि त्याच्या मधोमध हे, की देवाची दया दर सकाळी नवी असते. मराठीत ऐकल्यावर इंग्रजीत कुठे श्वास घ्यायचा ते मला कळलं.

त्या दिवशी चर्चमध्ये गेले तर सगळं पांढरं. दिवस लेंटचे होते, ईस्टरआधीच्या उपवासाचे, एरवी त्या काळात जांभळी वस्त्रं असतात. पण अंत्यविधी हा त्यांच्यात ईस्टरचाच, पुनरुत्थानाचा विधी मानतात, म्हणून तेवढ्यापुरता रंग बदलतो. वेदीजवळ ईस्टरची उंच मेणबत्ती पेटलेली. लहान टेबलावर अस्थिकलश, त्यावर पांढरं कापड. हे कापड चर्चचं असतं, सगळ्यांना तेच, म्हणजे कुणाची पेटी किती किमतीची ते दिसू नये. बिशप आले होते. दोन रांगा भरून धर्मगुरू, त्यांत कितीतरी स्त्रिया, सगळ्यांच्या गळ्यात पांढरे पट्टे.

मी वाचलं. घाई केली नाही.

मला सगळ्यांत जास्त जाणवलं ते नाव. प्रार्थनांमध्ये त्यांचं फक्त पाळण्यातलं नाव घेतात. आडनाव नाही, 'रेव्हरंड' नाही, पदवी नाही. आपल्या शोकसभांमध्ये मी वाढले. तिथे दिवंगताच्या नावाआधी विशेषणांची रांग असते आणि दहावा वक्ताही 'दोन शब्द' म्हणत वीस मिनिटं बोलतो. त्यातही माया असते, मी ती कमी लेखत नाही. पण तासभर त्या एकाच साध्या नावानं त्यांना देवाच्या हवाली करताना ऐकलं, तेव्हा मला त्यांच्या आईची आठवण आली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. शेवटी सगळे उभे राहिले. आपण सगळे मातीत जाणार, आणि थडग्याशीही आपलं गाणं आलेलुया हेच, असे शब्द आहेत. लेंटमध्ये आलेलुया म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हटलं, तीनदा.

माझे वडील १२ सप्टेंबर २००१ ला गेले. आदल्या दिवशी न्यूयॉर्कला जे झालं त्यानंतर विमानं बंद होती. भावानं संगम माहुलीला सगळं केलं; मी इथे खिडकीपाशी बसून होते. वडील साताऱ्यात छापखान्यात खिळे जुळवायचे. सर दुसऱ्या दिवशी आले, कोचावर बसले, सांत्वनाचं एकही वाक्य बोलले नाहीत. म्हणाले, "मला त्यांचा कामाचा एक दिवस सांगा, सकाळपासून." मी दोन तास बोलले. शाईचा वास, उलटी अक्षरं, दुपारची भाकरी, उजव्या अंगठ्याचं घट्ट पडलेलं कातडं. नोव्हेंबरच्या २ तारखेला त्यांच्या चर्चमध्ये गेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं वाचतात. त्याआधी सरांनी वडिलांचं नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. यादीत ते मधेच आलं, अमेरिकन नावांच्या दाटीत, अचूक. माझं सुतक तिथे फिटलं.

उपासनेनंतर खालच्या हॉलमध्ये चहापाणी होतं. मी नारळाच्या वड्या नेल्या होत्या, त्यांना आवडायच्या. टेबलांवर मुलीनं कोरी कार्डं आणि पेन्सिली ठेवल्या होत्या. भाषणं नव्हती, पण लोक लिहीत होते, खाली मान घालून, परीक्षेतल्यासारखे. एका साठीच्या गृहस्थानं लिहिलं, 'त्यांनी मला लॅटिनमध्ये नापास केलं आणि त्याच संध्याकाळी बर्फात घरी सोडलं. वाटेत निकालाबद्दल एक शब्द काढला नाही.' एका बाईनं फक्त एक लॅटिन क्रियापद सगळ्या रूपांत चालवून दिलं होतं. एक जण माझ्यापाशी आला, पेपरातली ओळ चुकली आहे म्हणाला, सर सेल्माला गेले होते, त्याला पक्कं आठवतंय. मी त्याला हजेरीपुस्तकाबद्दल सांगितलं. त्यानं बराच वेळ हातातला कप फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे ते गेले नाहीत असं ते म्हणाले, आणि आम्ही ते ऐकलंच नाही." तो पुन्हा टेबलाशी जाऊन बसला. त्याचं कार्ड मी वाचलं नाही.

जमीन अजून घट्ट होती म्हणून अस्थी थांबल्या. मे महिन्यात, लायलॅक फुललेली असताना, चर्चच्या मागच्या बागेत पंधरा-वीस जण जमलो. खड्डा हातभर खोल. कलश पुरत नाहीत तिथे. मुलीनं अस्थी थेट मातीत ओतल्या. त्या करड्या होत्या आणि वाटल्या होत्या त्याहून जड. मदरनी मातीला माती, राखेला राख हे शब्द म्हटले. एकेकानं मूठ मूठ माती लोटली. आमच्याकडे अस्थी पाण्यात जातात, हातात काही उरत नाही. इथे माझ्या नखांत ओली माती बसली. मला ती लगेच धुववेना.

सगळे गेल्यावर मदरनी मला ऑफिसात बोलावलं. प्रत्येक दफनाची नोंद चर्चच्या मोठ्या वहीत करावी लागते. त्यांनी ती केली होती. "तुमची नजर एकदा फिरवाल का?" त्यांनी विचारलं. मी हात धुतले, चष्मा लावला, ओळीवर पट्टी ठेवली. नाव बरोबर. मृत्यूची तारीख, ३ मार्च २०२३, बरोबर. जन्मतारीख बरोबर. वयाच्या रकान्यात ८६ होतं. मी बोटांवर मोजलं. वाढदिवसाला नऊ दिवस बाकी होते.

"८५," मी म्हटलं. मदरनी पेन माझ्या हातात दिलं.